डॅनीचा खोकला

विमानतळाच्या दारात बाबांनी माझी बॅग ताणकाट्याला अडकवून उचलली. तीन किलो जास्त. मग तिथंच फुटपाथवर बॅग उघडून आईनं भरलेलं मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लाडवांचा डबा बाहेर काढला. सगळं पोटाशी धरून बाबा म्हणाले, “कुणाचं काम हातात घेतलंस तर अर्धवट देऊ नकोस.” मिरजेहून एवढ्या लांब येऊन माणूस शेवटचं हे बोलतो? मला रागच आला. मी आत गेलो. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

तुमच्यापैकी जे मिरजेत राहिले त्यांना बाबांचं काम सांगायला नको. जे माझ्यासारखे निघून आले आणि विसरले त्यांच्यासाठी सांगतो. ते तंबोरे बनवतात. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस मारायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि तारेला झणझणाट आणायचा, याला जवारी लावणं म्हणतात. ती नसली तर तंबोरा मुका. मी मात्र इथे परदेशात, पिस्कॅटवे गावात, ऑनलाइन मीटिंगमधले नको ते आवाज काढून टाकणारं सॉफ्टवेअर लिहितो. कुत्र्याचं भुंकणं, कुकरची शिट्टी, शेजारचं ड्रिल, सगळं गायब. बापानं घालायचं आणि पोरानं काढायचं! पगार चांगला आहे, त्यामुळे यावर फार विचार केला नव्हता.

आमच्या शेजारी वॉल्ट राहतो. पंचाहत्तरीचा, गुडघे गेलेले. बर्फ पडला की त्याचा ड्राइव्हवे मीच साफ करतो, एवढीच आमची ओळख. एकदा माझी मुलगी सई त्याला पाहून थबकली. तिच्या टी-शर्टावर तीन पोरांचा धुरकट फोटो होता आणि त्यातला ड्रमवाला वॉल्ट होता. “बाबा, सीरियसली? यू डोन्ट नो?” ती म्हणाली. मला खरंच माहीत नव्हतं.

वॉल्ट, त्याचा गाणारा धाकटा भाऊ डॅनी आणि एक मित्र, असा विशीतल्या तिघांचा बँड. असल्या रांगड्या, गोंगाटी रॉकला पंक म्हणतात, पण तो शब्दही तेव्हा नीट रुळला नव्हता. एका लाँड्रीच्या तळघरात, वर वॉशिंग मशीन धडधडत असताना, उसन्या आणलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर त्यांनी चार दिवसांत अकरा गाणी रेकॉर्ड केली. कुणालाच नीट वाजवता येत नव्हतं. रेडिओनं हात लावला नाही, रेकॉर्ड गाडीच्या डिकीतून विकली. पण ज्यांनी ऐकली त्यांना वाटलं, हे लोक करू शकतात तर आपणही करू शकतो, आणि गावोगावच्या पोरांनी गॅरेजमध्ये बँड काढले. सई म्हणते, ती ऐकते ते सगळं त्या तळघरातून निघालं. आजही लोक लांबून येऊन त्या लाँड्रीचे फोटो काढतात. मी ते ऐकलं तेव्हा माझं डोकं दुखलं. एवढं काय आहे यात?

एक कंपनी तो आल्बम पुन्हा काढणार होती आणि मूळ टेप फक्त वॉल्टच्या कपाटात होती. तिच्यावरची गाणी उतरवून साफ करायला सईनं माझं नाव पुढे केलं. जुनी टेप चिकट होते, म्हणून ती आमच्या फळं सुकवायच्या मशीनमध्ये दिवसभर मंद गरम केली आणि उसन्या मशीनवर चालवली. गाणं संपलं की मी कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंग थांबवायचो, पुढचं लागलं की सुरू करायचो. मग पंधरा दिवस मी राबलो. वॉशिंग मशीनची धडधड काढली. गिटारची उतरलेली तार सुरात आणली. ड्रमची लय सरळ केली. काम अर्धवट द्यायचं नाही ना!

वॉल्टनं डोळे मिटून पहिलं गाणं पूर्ण ऐकलं.

“छान आहे,” तो म्हणाला. “कोण वाजवतंय?”

मला वाटलं, थट्टा करतोय. मग त्यानं विचारलं, “डॅनीचा खोकला कुठाय?”

प्रत्येक गाण्याआधी डॅनी खोकायचा आणि पाय आपटायचा, की वॉल्ट सुरू. डॅनी तरुणपणीच गेला. गाणं सोडून त्याचा स्वतःचा असा आवाज फक्त त्या टेपवर होता. धडधड परत घालता आली असती, मूळ फाइल होती. पण खोकला मी रेकॉर्डच केला नव्हता. त्या वेळी मी रेकॉर्डिंग थांबवून चहा पीत होतो. टेपचा तपकिरी भुगा पहिल्याच वेळी मशीनभर झाला होता. ती पुन्हा चालेल याची खात्री नव्हती. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नाही.

टेप पुन्हा गरम केली. या वेळी वॉल्ट शेजारी बसला आणि मी कशालाही हात लावला नाही. नऊ खोकले मिळाले. शेवटच्या दोन गाण्यांपाशी टेप सोलून निघाली. “मी भरपाई कशी करू?” मी विचारलं. तो म्हणाला, “नऊ पुरेत.” पुरले नसणार, हे मला कळत होतं. कंपनीला आम्ही सगळं धडधडीसकट पाठवलं.

मला अजून ते संगीत आवडतं की नाही, सांगता येत नाही. जवारीवाल्याच्या घरात वाढून मी असं कसं केलं, तेही कळत नाही. घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी पिस्कॅटवे म्हणतो, मग मिरज म्हणतो, आणि दोन्ही थोडं खोटं वाटतं. गेल्या खेपेला मिरजेत मी मोठ्या कौतुकानं बाबांच्या फोनमध्ये माझं सॉफ्टवेअर घातलं होतं. तेव्हापासून त्यांचा आवाज स्टुडिओत बसल्यासारखा स्वच्छ येतो आणि आमचं बोलणं दोन मिनिटांत संपतं. गाणी कंपनीला पाठवली त्या रविवारी मी त्यांना म्हटलं, “बाबा, ते सॉफ्टवेअरचं निळं बटण बंद करा.”

त्यांनी बंद केलं. कानस चालू होती. आई भाजीवाल्याशी हुज्जत घालत होती. कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं.

“हॅलो? आवाज येत नाही का रे?”

“येतोय बाबा,” मी म्हटलं. “तुम्ही जरा बोलू नका.”