तीस वर्षं विनाअपघात

तारकर्लीच्या किनाऱ्यावर घोडा घेऊन उभा असणारा एक माणूस मला संध्याकाळी फिरताना रोज भेटतो. नाव मी कधी विचारलं नाही. घोड्याशी तो मालवणीत बोलतो आणि गिऱ्हाइकांशी कचेरीतल्या मराठीत. मी इथलाच, पण घोड्यावर बसायला गेलो तेव्हा मलाही तेच मराठी मिळालं.

"लगाम ओढू नका. समोर बघायचं काम त्याचं आहे."

मी हसलो. कसाल-मालवण रस्त्यावर तीस वर्षं एकही अपघात न करता बस चालवलेला माणूस मी, मला हा शिकवणार.

घोडा दौडू लागला. समोर वाळूत ओढून ठेवलेली होडी आली. तो आपसूक उजवीकडे वळत होता, तेवढ्यात मी लगाम डावीकडे खेचला आणि रिकिबीतला पाय ब्रेक समजून दाबला. घोडा होडीला घासलासुद्धा नाही. मी होडीत, जाळ्याच्या ढिगावर.

घोडेवाला धावत आला. आधी घोड्याचे पाय चाचपले, मग माझे, आणि दोघांनाही एकाच सुरात विचारलं, "लागला नाय मां?"

मग मला पुन्हा वर बसवलं, लगाम खोगिराला बांधून टाकला आणि माझ्या मुठीत आयाळ दिली. "डायवर तो. तुमी कंडक्टर."

आता मी आयाळ धरून गुमान बसतो. परवा निघताना माझ्या तोंडून नकळत दोनदा "टण टण" निघालं.

घोडा चालू लागला.