गोठ्यातला ग्राइंडर

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मेकॅनिकलची डिग्री, मग कंपनीच्या टूलरूममध्ये, साचे-हत्यारं बनवायच्या विभागात, नोकरी. अभिमान आहे, लपवत नाही. कंपनीनं टूलरूम बंद करून आम्हाला घरी पाठवलं तेव्हाही वाटलं, हात आहेत, डोकं आहे, अडणार काय?

त्याच सुमारास बंद पडलेल्या एका वर्कशॉपातला जुना सरफेस ग्राइंडर मला मिळाला. लोखंडी प्लेट चुंबकाच्या टेबलावर चिकटवायची. वर साणेचं चाक फिरतं, खाली टेबल मागंपुढं सरकतं आणि प्लेट सपाट होते. इतकं साधं मशीन. पण त्याचं स्वतःचं अंग सरळ हवं. ते वाकडं, तर काम वाकडं.

वारज्यात आमची शेती होती तिथं आता सोसायट्या आहेत. उरलं होतं राहतं घर आणि मागचा दगडी गोठा. गुरं केव्हाच गेलेली. धाकट्या भावाला घर-गोठा दोन्ही बिल्डरला द्यायचं होतं. मला तिथं वर्कशॉप टाकायचं होतं. घरात रोज तोच वाद. शेवटी वडिलांनी, आबांनी, निकाल दिला. "दिवाळीपस्तोर ह्याच्या मशीनला बाहेरचं कायमचं काम लागलं तर काय बी इकायचं न्हाय. न्हाय लागलं तर धाकट्याचं खरं."

मशीनला पाया लागतो. रीतसर करायचं तर जुनी माती काढून मुरूम भरायचा, ठोकायचा आणि मग काँक्रीट. आबांना ते पटेना.

"आरं, बैलांनी पिढ्यान्‌पिढ्या चोपलेली जमीन हाय ही. पहार मारशील तर पहार वाकंल. तुझा मुरूम काय करतोय हिच्यापुढं?"

मला ते बोलणं फार आवडलं. आमच्याच बैलांनी चोपलेल्या जमिनीवर माझं मशीन उभं राहणार! पहार मारून पाहिली, तर खरंच ठणठणीत. गोठ्याची जमीन मोरीकडं उतरती असते. तो उतार भरून निघेल एवढं काँक्रीट वरून ओतलं आणि मोकळे झालो.

उन्हाळाभर मशीन खोललेलं होतं. आतलं ग्रीस डांबरासारखं घट्ट झालेलं, ते डिझेलनं धुतलं. टेबल ज्या स्लाइडवर सरकतं त्या मधोमध झिजलेल्या. त्यावर निळ्या रंगानं माखलेली सरळ पट्टी घासायची, रंग लागेल तो उंचवटा हातातल्या पात्यानं खरवडायचा आणि पुन्हा रंग. खांदे भरून यायचे. भाऊ दारात येऊन उभा राहायचा.

"दादा, अजून निळंच चाललंय? रंगपंचमी होऊन गेली की."

"काम आहे ते."

"म्हैस पाळली असतीस तर एव्हाना व्याली असती."

"म्हशीला लेव्हल लागत नाही," मी म्हणायचो.

अखेर मशीन उभं केलं. चारी पायांचे बोल्ट फिरवत लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणला. चुंबकाचं टेबल त्याच मशीनवर घासून काढलं. उंचसखल दाखवणारा डायल त्यावरून फिरवून पाहिला, काटा हलला नाही. पहिली प्लेट निघाली तशी आबांनी तिच्यावरून तळवा फिरवला. "काचंवाणी झालंय," म्हणाले, आणि भावाला मुद्दाम हाक मारून दाखवली.

जुन्या ओळखीच्या एका डायमेकरनं, साचे बनवणाऱ्यानं, सपाट करायला प्लेटा दिल्या. जमलं तर दर महिन्याला काम तुमचंच, म्हणाला. पहिला लॉट पास झाला. घरात मी जरा छाती काढून चालायला लागलो. मग पाऊस लागला आणि दुसरा लॉट परत आला.

"साहेब," डायमेकर म्हणाला, "एका बाजूला उतार आहे. पाणी निघून जायला ठेवलाय का?"

लेव्हल लावून पाहिली. बुडबुडा पार कडेला. मागचा एक कोपरा खचला होता, मशीनचं अंग पिळलं होतं. बोल्ट फिरवून सरळ केलं. चार दिवसांनी परत तेच. स्लाइडवर रोज सकाळी तेलाखाली तांबूस पापुद्रा दिसायचा. मी पुसायचो, तेल लावायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पापुद्रा. भिंतीच्या तळाशी पांढरी पूड फुलून आली होती, आता काँक्रीटच्या कडेलाही दिसू लागली. चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट. लोणा.

काँक्रीटच्या शेजारी खणलं. उन्हाळ्यात पहारीला न जुमानणारी माती आता हातानं मळता येत होती, आणि तिला गुरांचा वास येत होता. पिढ्यान्‌पिढ्यांचं मूत खाली मुरलेलं. त्याचं मीठ झालेलं. ते हवेतलं पाणी ओढतं, काँक्रीटमधून वर चढतं आणि लोखंड खातं.

माती काढून टाकायची म्हटलं तर ती भिंतींच्या पायापर्यंत तशीच. भिंती दगडमातीच्या. गवंड्याला बोलावलं, त्यानं अंगावर घ्यायला नकार दिला. मी स्वतः मोजमाप घेऊन पाहिलं, त्याचं बरोबर होतं. माती काढली तर भिंती खाली येणार. ठेवली तर मशीन कधीच थाऱ्यावर राहणार नाही. तिसरा मार्ग मी पुष्कळ शोधला. डायमेकरनं तोवर काम दुसरीकडं दिलं होतं.

दिवाळीच्या आधीच भावाला म्हणालो, "सांग बिल्डरला."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. "अजून महिना आहे की, दादा."

"महिन्यानं काय होणारे?"

आबा ओट्यावर बसले होते. तिथूनच हळू म्हणाले, "मी जमिनीचं बोललो, त्यानं झालं का रं?"

"नाही आबा. यंदा पाऊसच जास्त झाला."

त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं.

पुढं पोकलेन आलं. जी माती मला काढता आली नाही ती त्यानं सकाळच्या चहापर्यंत उपसली. एक नर्सरीवाला ट्रक घेऊन तयारच उभा होता. झाडांना फार चांगली असते, म्हणाला.

आम्ही आता भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहोत, चौथ्या मजल्यावर. मी एका वर्कशॉपमध्ये दुसऱ्याच्या ग्राइंडरवर शिफ्ट करतो. माझं मशीन एकाच्या शेडमागं ताडपत्रीखाली पडून आहे. सुरुवातीला दर रविवारी तेल लावायला जायचो. पुढं एका रविवारी गेलो नाही, मग त्याच्या पुढच्याही.

आबा जेवताना विचारतात, "जागा गावली का रं मशीनला?"

"बघतोय," मी म्हणतो.

बघत नाही.