मी तर हाक मारली असती

मंडळी, महिनाभर मी तरुण मुलांच्या कादंबऱ्या वाचतेय. जादूच्या, ड्रॅगनच्या. समोर राहणारी, कॉलेजात जाणारी सई आणून देते. आज सकाळी शेवटची संपली.

त्यात शेवटी मुलासमोर एक दार उघडतं. पलीकडे त्याची वारलेली आई उभी असते. हाक मारली की ती परत येईल, पण त्याची जादू जाईल. राज्य वाचवायला जादू हवी, म्हणून तो हाक मारत नाही.

दुपारी सई पुस्तक न्यायला आली. "काकू, सही केलं ना त्याने?"

"मी तर हाक मारली असती."

"अरे काकू, फिर राज्याचं काय?"

"चुलीत गेलं राज्य."

ती हसली. मग हळूच म्हणाली, "काका परत आले असते तर तुम्ही काय बोलला असता?"

ह्यांना वाचायचा कंटाळा. मी आठवीपर्यंत शिकलेली, पण वाचायचे मी, आणि सकाळी पोहे खाताना गोष्ट सांगायचे. हे वरून मसाला भुरभुरायला प्लेट पुढे करून म्हणायचे, "थोडं जीरावन घाल. हां, फिर क्या हुआ?" हे गेल्यापासून गोष्टी वाचून होतात, सांगायच्या राहतात.

सईला म्हटलं, "महिन्याभरातल्या सगळ्या गोष्टी सांगितल्या असत्या. फक्त शेवट सांगितला नसता. तो ऐकायला त्यांना उद्यापर्यंत थांबावं लागलं असतं."

तुम्ही सांगा, तुमच्यापैकी कोणी हाक न मारता परत फिरलं असतं?