हरकत राखून केलेली सही

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावरही तो बसणार नाही. एकतीस वर्षे दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत काढली. जे कागदावर नाही ते घडलेले नाही, हाच माझा धर्म. तरीही पुढील मजकूर शपथेवर सांगावा तसा सांगतो आहे. ज्यांना हसायचे आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचून हसावे.

मी ठाणे पूर्वेला, कोपरीत राहतो. आमच्या भागासाठी एअर ॲम्ब्युलन्सची सेवा सुरू झाली तेव्हाच मी तिची नियमावली मागवून घेतली. तीत एक संतापजनक कलम निघाले – पती, पत्नी किंवा सज्ञान अपत्य यांची कागदावर सही असल्याशिवाय उड्डाण नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाने काय नातेवाइकाची वाट पाहत मरावे? तीन पत्रे पाठवली. तिन्हींची पोच आली. उत्तर एकाचेही नाही.

मार्चमधल्या एका दुपारी ते कलम माझ्याच घरात शिरले. पत्नी कल्याणजवळ शहाडला मैत्रिणीकडे गेली होती, तिथेच कोसळली. हृदयविकाराचा झटका. तिथल्या डॉक्टरांनी तातडीने मुंबईला हलवायला सांगितले. हेलिकॉप्टर मैदानावर आले, तिला आत घेतले... आणि थांबले. माझ्या सहीसाठी. आम्हांला मूलबाळ नाही.

मी शहाडकडे निघालेल्या टॅक्सीत, माजिवड्याला अडकलेलो. हेलिकॉप्टरमधल्या सिस्टरचा फोन आला.

"मी फोनवर संमती देतो आहे, नोंदवून घ्या!"

"काका, पेपरवरच लागते हो. किती वेळ लागेल तुम्हाला?"

मी टॅक्सीवाल्याकडे पाहिले. तो म्हणाला, "पुढे ट्रेलर बंद पडलाय काका. उडून जाऊ काय आता?"

मी पिशवीतून कोरा कागद काढला आणि बॉलपेनने लिहिले – माझ्या पत्नीस तत्काळ हलवावे. त्याखाली, जन्माच्या सवयीने, 'हरकत राखून' – म्हणजे सही करतो, पण तुमचा नियम मला मान्य नाही. मग सही, आणि वेळ: तीन वाजून बारा मिनिटे.

टॅक्सीवाला आरशातून पाहत होता. "हे आता देणार कोणाला?"

मी कागद दुमडून पिशवीत ठेवला. पाचेक मिनिटांत मैत्रिणीचा फोन – "भावोजी, उडालं हो हेलिकॉप्टर!"

पत्नी वाचली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर...

पंधरवड्याने त्या सेवेचे पत्र आले. संमतिपत्रावर आपली सही आहे, मैदानावर मात्र आपणांस कोणीही पाहिलेले नाही, सिस्टरने बनावट सही केल्याचा संशय असून चौकशी सुरू आहे, खुलासा करावा. सोबत छायाप्रत. माझेच वळण. माझीच ती शेवटची लफ्फेदार रेघ. 'हरकत राखून.' तीन वाजून बारा मिनिटे.

त्याच संध्याकाळी सिस्टर घरी आली. "काका, मी ऑक्सिजन लावायला वळले, परत बघते तर सही झालेली. वाटलं, तुम्ही आलात. त्या धुरळ्यात कोण कुठे दिसतंय? माझी नोकरी जाईल हो."

मी पिशवीतला कागद काढला. संमतीचा मजकूर जागच्या जागी. त्याखाली मात्र शाई नाही. बॉलपेनच्या दाबाचा चर आहे, बोट फिरवले की सही हाताला लागते. शाई नाही!

टॅक्सीवाल्याला शोधून काढले. "सही करताना मी बघितलं ना काका," तो म्हणाला. "म्हणून तर विचारलं, देणार कोणाला."

पत्नीने छायाप्रत निरखून पाहिली. "मी मरत होते, आणि तुम्ही तिथेही हरकत घेतलीत?"

मी उत्तर धाडले: 'सही माझी आहे. ती मी स्वहस्ते, स्वेच्छेने, नमूद वेळी केलेली आहे. सही करताना मी कोठे होतो, हे आपल्या नमुन्यात विचारलेले नाही. सिस्टरवरील चौकशी तत्काळ रद्द करावी. ते कलमही.'

यातील एकही वाक्य असत्य नाही. शाई एका कागदावरून दुसऱ्यावर कशी गेली, ते मला ठाऊक नाही. कोणाकडे खुलासा असल्यास त्याने तो लेखी द्यावा.

चौकशी रद्द झाली. कलम अजून तसेच आहे. चौथे पत्र आज टपालात टाकतो आहे. पाकीट चिकटवण्यापूर्वी खालची सही मी दोनदा तपासली.

आहे जागेवर.