न रडणारा वर्ग

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या एका खोलीत बालवाडी चालवायचे. रोज सकाळी जुन्या नाशकातून लुनावर पूल ओलांडून यायचं, खोली झाडायची आणि बाजारात राबणाऱ्या आईबापांची बावीस मुलं दुपारपर्यंत सांभाळायची, एवढंच काम. पण नुकतंच मी एक शिबिर करून आले होते. मुलांना स्वतःच्या भावना ओळखायला शिकवा, असं तिथे सांगितलं होतं आणि मला ते इतकं पटलं होतं, की दिसेल त्याला ऐकवत सुटले होते. सासूबाई तर मला पाहिलं की देवघरात जाऊन बसायच्या.

कागदी ताटल्यांवर मी चार चेहरे रंगवले: हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. आल्या आल्या प्रत्येकाने आपली ताटली उचलायची आणि ते अंगात कुठे होतंय ते हाताने दाखवायचं. राग कुणाच्या दातांत असायचा, कुणाच्या मुठीत. भीती बहुतेकांच्या पोटात. एकाची मात्र गुडघ्यात, आणि तो तिथे मनापासून फुंकर मारायचा. मला स्वतःचंच फार कौतुक वाटायचं.

दिवाळीनंतर एक साडेचार वर्षांची मुलगी वर्गात आली. दोन महिन्यांपूर्वी तिचे वडील काविळीने गेले होते. आई बाजारात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची. पहिल्या दिवशी आईचा पदर सोडताना मुलं कसा आकांत करतात ते मला पाठ होतं. ही आत आली, हसऱ्या चेहऱ्याची ताटली घेतली आणि भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या दिवशी तेच. पुढे रोज तेच. कुठे होतंय विचारलं की दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणायची, "कुठंच नाही."

पाटीचा कोपरा बोटावर पडला, ती हसली. वर्गातल्या दांडगोबाने केस ओढले, तरी हसली. आणि इथेच मी चुकले. मी सगळ्यांना म्हणाले, "बघा, किती शहाणी आहे! रडते का ती?" भावना ओळखायला शिकवणारी बाई मी, आणि महिनाभर रोज हेच म्हणत होते. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मग हळूहळू वर्ग शांत होत गेला. खाऊच्या वेळी मुलं पहिला घास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू लागली. कावळा येऊन तो घास उचलेपर्यंत कुणी खात नसे. सगळे जण हात मागे घेऊन खिडकीकडे बघत बसायचे. पाखरांवर माया करतात म्हणून मी त्याचंही कौतुक केलं. आणखी काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की रडका चेहरा कुणी उचलतच नाही. ताटलीवर धूळ बसली होती. बाजारातल्या बायका दाराशी येऊन म्हणायच्या, "बाई, तुमची पोरं लय शिस्तीची." मला ते ऐकायला आवडायचं. पण दुपारी मुलं गेल्यावर त्या खोलीत एकटीने बसायला नको वाटायचं. का, ते कळत नव्हतं. मी कुलूप लावून लवकर निघू लागले.

एका सकाळी तो गुडघ्यावर फुंकर मारणारा मुलगा पायरीवरून तोंडावर पडला. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर गळायला लागलं. त्याचे डोळे भरून आले. पण त्याने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं आणि दाराकडे बघितलं. मी वळून पाहिलं, तर सगळा वर्ग दाराकडे बघत होता. बाहेर बाजार चालू होता, रिक्षा कर्कश हॉर्न वाजवत होती, आणि आत श्वासाचाही आवाज नव्हता.

"अरे, दुखतंय ना? रड की!" मी जवळजवळ ओरडलेच.

त्याने मान हलवली. बोटांच्या फटीतून म्हणाला, "ते येतील."

"कोण?"

सगळ्यांनी भिंतीला टेकून बसलेल्या त्या मुलीकडे पाहिलं. ती शांतपणे मला समजावू लागली, जणू मीच बालवाडीत होते. "रडलं की माझे बाबा दाराशी येतात. त्यांना आत येता येत नाही आणि परतही जाता येत नाही. त्यांना भूक लागलेली असते."

त्या दिवशी मी तिच्या आईला गाठलं. "आम्हाला वाटलं, पोरगी समजूतदार झाली," एवढंच ती म्हणत राहिली. मग तिने दहाव्याची हकिकत सांगितली. रामकुंडावर पिंड ठेवला, कावळे भिंतीवर रांगेने बसलेले, पण शिवेना एकही. ऊन चढलं. लोक एकेक करून हात जोडून शब्द देऊ लागले: घर सांभाळू, म्हातारीला बघू. कावळे हलेनात. शेवटी मुलीचा मामा पुढे झाला आणि म्हणाला, "दाजी, पोरीच्या डोळ्यातनं पाण्याचा थेंब पडू देनार नाय." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली उतरला. बायका म्हणाल्या, सुटला बिचारा, नाहीतर दाराशी घुटमळत राहिला असता. हे सगळं पोर आईच्या कडेवर बसून ऐकत होती.

मामा त्याच बाजारात वांगी विकायचा. मी तावातावाने त्याच्याकडे गेले, चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून. त्याने ऐकून घेतलं, तराजू खाली ठेवला आणि म्हणाला, "बाई, दाजी अडकला व्हता हो. मी त्याला धीर द्याया बोललो." माझा राग तिथल्या तिथे विरला. मी तरी दुसरं काय केलं होतं? त्याने एकदाच शब्द दिला होता, मी तो रोज तिच्याकडून घोटवून घेत होते.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला. टोपी काढून मुलांच्या गोलात मांडी घालून बसला. भाचीला समोर घेऊन म्हणाला, "शब्द मी दिला व्हता, तू नाय. तो माझा मी बघीन. तुला रडू आलं तर तू रडायचं. तुझा बाप कुठं अडकत नाय त्यानं."

तिने विचारलं, "पण मी रडले तर ते येतील ना?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. कालपासून मी समजत होते, की तिला ते येण्याची भीती वाटते. तिचा चेहरा तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिला. इतके दिवस रडू दाबून तिने बापाला सुखाने जाऊ दिलं होतं, आणि त्याला परत बोलवायची युक्ती मात्र सगळा वेळ तिच्याजवळ होती.

"नाही," मी म्हणाले. "रडलीस तरी नाही येणार, आणि हसलीस तरी नाही."

तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही. तिने तोंड उघडलं आणि एक बारीक, कोरडा आवाज काढला. खोटं रडणं. मग थांबून दाराकडे बघितलं. पुन्हा काढला, जरा मोठा. बावीस मुलं दाराकडे बघत होती. मामाही बघत होता. खोटं कशाला बोलू, मीही बघत होते, आणि त्या क्षणी उंबऱ्यावर कुणी उभं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

बराच वेळ गेला. कुणीच आलं नाही, तेव्हा ती रडली.