विहीणबाईंची जांभळी टोपी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या घरात ज्याला विहीणबाईंचा विसरभोळेपणा म्हणतात, तो मी रचलेला होता.

साथीत विमानं बंद झाली आणि नेदरलँड्समध्ये, न्यूनेनला मुलाच्या घरी आम्ही दोघं अडकलो. मी आणि सुनेची आई. लेकीच्या घरी मुक्काम ठोकणाऱ्या बाईबद्दल माझं मत वाईट होतं आणि मी ते लपवत नव्हतो.

त्या रोज दुपारी टीव्हीवर एक इंग्रजी मालिका बघायच्या. त्यातली म्हातारी हेर दर भागात नवी टोपी, हातमोजे, कॉलरला ब्रोच अशी यायची. विहीणबाईंनी जांभळ्या इरकलीतून तशी टोपी शिवली, बाजूला नातीच्या क्लिपवरचं फूल टाचलं आणि ती घालून बागेत बसायला लागल्या. माझ्याकडे कधी न बघणारी शेजारची डच बाई त्यांच्याशी हातवारे करून गप्पा मारायची.

"विहीणबाई, सर्कस कधी हलणार?" मी विचारलं.

"विदूषक मे महिन्यात माकडटोपी घालून बसलाय, व्याही. त्याला टाकून कशी हलेल?"

नात हसली, सून हसली, मुलगाही हसला.

दुसऱ्या दिवशी मी ती टोपी पिशवीत घातली आणि सुपरमार्केटबाहेर जुन्या कपड्यांचा कंटेनर असतो, त्यात टाकली. त्यात हात घालून काही परत काढता येत नाही.

"पार्कातल्या बाकावर विसरलात तुम्ही," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

"मी पार्कात नेलीच नव्हती."

"आता नेलेलंही आठवत नाही?"

त्यानंतर त्यांचा चष्मा सापडेना झाला, की मी नुसता सुनेकडे बघायचो. सुनेनं त्यांना डॉक्टरकडे नेलं, शेगडीला हात लावू देईना. पुढे त्या स्वतःच नातीला विचारायला लागल्या, "मी गोळी घेतली का गं?" विमानं सुरू झाल्यावर त्या पुण्याला, मुलाकडे गेल्या.

एकदा मी फोन केला. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या गेल्या, म्हणजे तो शेवटचाच.

"मला काही सांगू नका, व्याही," त्या म्हणाल्या. "माझ्या लक्षात राहत नाही. मुलाला देते."

टोपी मी टाकली, तुमचं डोकं शाबूत आहे, मला माफ करा, एवढं मी जुळवून ठेवलं होतं. तोवर पलीकडून त्यांचा मुलगा "हॅलो" म्हणाला आणि मी त्याला विचारलं, "काय, पाऊसपाणी कसं आहे?"