अहो म्हणायचं नाही

मेंदूतल्या रक्तस्रावातून शशिकांतराव चांगले सावरले. चालू लागले, पेपर वाचू लागले, कारखान्यातल्या जुन्या साहेबांना नावानिशी शिव्या घालू लागले. अंबरनाथच्या शिवमंदिराकडचे सगळे दुकानदारही त्यांनी ओळखले. ओळखलं नाही ते फक्त मालिनीला. "दिसता अगदी माझ्या मिसेससारख्या," ते तिला म्हणाले, "पण ती तुम्ही नव्हे." एवढा संसार करून हे ऐकायचं! मालिनीने आधी थट्टेवारी नेलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडली.

उल्हासनगरचे डॉक्टर उन्मेष मेंदूचे डॉक्टर. मासिकांतून लिहायचेही. त्यांनी समजावलं, "तुमचा चेहरा त्यांना दिसतो, पण तो बघून जी माया दाटून येते, तिची वाट तुटलीय. माया दाटत नाही, म्हणजे हे माणूस खोटं, असं त्यांचा मेंदू धरून चालतो. आवाजाची वाट वेगळी असते. पण तुम्ही समोर असलात की डोळ्यांचंच चालतं. लांबून फोन करून बघा."

मालिनीने गच्चीत जाऊन फोन लावला. "अहो, मी बोलतेय."

"अगं, आहेस कुठे तू?"

त्या 'अगं'साठी तिचे कान आसुसले होते. काय सांगावं सुचेना, म्हणून म्हणाली, "बदलापूरला. ओवीकडे." ओवी त्यांची लेक.

तेव्हापासून हेच सुरू झालं. घरात ती बाई, गच्चीत बायको. फोनवर ते कुरकुरायचे, "बदलापूर काय सातासमुद्रापार आहे? पुढचंच स्टेशन! ये की." डोळे पुसून ती खाली यायची आणि त्यांना जेवायला वाढायची. एकदा वाढता वाढता तोंडून निघून गेलं, "अहो, आमटी घ्या ना अजून."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "बाई, मला अहो म्हणायचं नाही. ते माझ्या बायकोनं म्हणायचं."

आता या निष्ठेचं कौतुक करायचं की कपाळ बडवून घ्यायचं?

पुढे डॉक्टरांनी मालिनीला विचारून, नावं बदलून, या दोघांवर एक लेख लिहिला. तिला वेडी आशा वाटली. स्वतःचीच गोष्ट वाचून तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. तिने अंक त्यांच्या हातात दिला आणि चहा टाकायचं विसरून समोर बसून राहिली.

त्यांनी मन लावून वाचलं. शेवटी चष्मा काढून डोळे टिपले. मालिनी खुर्चीच्या कडेवर सरकली.

"बिचारी," ते म्हणाले. "नवरा समोर, आणि त्याच्या लेखी ती परकी. कसे दिवस काढत असेल!"

"काढते," मालिनी म्हणाली.

त्यांनी चष्मा पुन्हा लावून तिच्याकडे नीट पाहिलं. मग अदबीने म्हणाले, "बाई, तुम्ही माझं फार केलंत. आता तुमच्या घरी जा. तुमचे मिस्टरही वाट बघत असतील."

मालिनी उठली. जाणार कुठे? गच्चीतच गेली, आणि फोन लावला.

"अगं," त्यांचा आवाज कधी नव्हे इतका खुशीत होता, "त्या बाईंना मी जायला सांगितलंय. घर मोकळं झालंय. आता तरी ये."